चिखलदऱ्याहून परतताना नरनाळा: एका दिवसात पायी बघून होतो का?

दिवाळीत किंवा लागून आलेल्या सुट्ट्यांत चिखलदऱ्याला जायचे आणि येताना परतवाडा, अंजनगाव, अकोट करत अंधार पडायच्या आत जुने शहर गाठायचे, हा अकोलेकरांचा ठरलेला कार्यक्रम. याच रस्त्यावर अकोटहून उजवीकडे, म्हणजे उत्तरेला वळले की पोपटखेड आणि पुढे शहानूर लागते. तिथूनच नरनाळ्याची चढण सुरू होते. अकोल्याहून हे अंतर ६५ ते ७० किलोमीटर आहे. तरी असदगडाच्या बुरुजाखाली लहानाचे मोठे झालेल्या अनेकांनी नरनाळा पाहिलेला नसतो. प्रस्तुत प्रतिनिधीही त्यांतलाच होता.

पहिल्यांदा गेलो ते दुपारी तीनला, चिखलदऱ्याहून परतताना. नाक्यावर विचारणा झाली, "आता वर जाऊन उतरणार कधी?" उत्तर नव्हते. चूक आमचीच होती. किल्ला म्हटले की केव्हाही जावे, अशी आपली समजूत असते. नरनाळ्याला ती चालत नाही.

वेळेचे बंधन कशासाठी?

किल्ला अभयारण्यात आहे. नरनाळा अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. क्षेत्रफळ जेमतेम १२ चौरस किलोमीटर, पण ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. या जंगलात वाघ, बिबट आणि अस्वले आहेत. अस्वलाला वळणावर अचानक माणूस दिसला तर ते पळण्याऐवजी अंगावर येऊ शकते. त्यामुळे संध्याकाळी माणसे खाली आणण्याचा आग्रह योग्यच म्हणायला हवा.

वर गाडीचा रस्ताही जातो. पायी जायचे असेल तर त्या दिवशी मुभा आहे का, सोबत मार्गदर्शक घ्यावा लागेल का आणि शुल्क किती, हे शहानूरच्या वनविभागाच्या नाक्यावरच विचारावे. हे नियम हंगामानुसार बदलतात, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जुन्या माहितीवर विसंबू नये.

चढ एवढा अंगावर का येतो?

अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर आहे आणि किल्ला ९०० मीटरहून उंच. मधे टेकड्यांची हळूहळू चढत जाणारी रांग नाही. सपाट काळी जमीन संपते आणि सातपुडा भिंतीसारखा उभा राहतो. याचे कारण भूगर्भात आहे. सातपुड्याच्या पायथ्याने गाविलगड भ्रंश जातो. त्याच्या दक्षिणेला पूर्णेचे खोरे आहे, आणि ते गाळाने भरत गेले. याच खोऱ्यात आपला खारपाणपट्टा येतो, जिथे विहीर खोदली तरी पाणी खारट लागते. वर किल्ल्यावर मात्र पावसाचे गोडे पाणी साठवणारी तळी आहेत. शक्कर तलाव त्यांतला सर्वांत परिचित. गडावर वस्ती टिकली ती या पाण्यामुळे.

थांबावे कुठे?

शहानूर आणि मेहंदी दरवाजे बघत पुढे निघालात तरी चालेल. खरा वेळ राखून ठेवावा तो महाकाली दरवाज्यासाठी. चहूकडे काळा पाषाण आणि मधे हा फिकट पांढरट वालुकाश्म, म्हणजे दगड दुसरीकडून आणला असणार. त्यावर कोरलेली कमळे, अरबी-फारसी अक्षरे आणि दोन्ही बाजूंचे सज्जे आहेत. बहामनी सुभेदार फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क याने १४८७ च्या सुमारास तो उभारला. तीनेक वर्षांनी हाच सुभेदार स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडची इमादशाही सुरू झाली.

दरवाज्यात हात पोहोचेल तिथे 'अमुक लव्ह तमुक' कोरलेले दिसते. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. अशा वास्तूचे विद्रूपीकरण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सव्वापाचशे वर्षांच्या दगडावरची ती अक्षरे काही पुसता येत नाहीत.

पुढे राणी महाल आणि नऊगजी तोफ आहे. तोफेपाशी कड्यावरून खालचे मैदान दिसते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी त्याच मैदानातल्या अडगावला वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढच्याच महिन्यात गाविलगडही पडला. मात्र देवगावच्या तहात वऱ्हाड गेले तरी नरनाळा आणि गाविलगड भोसल्यांकडेच राहिले. मुख्य किल्ल्याच्या दोन बाजूंना जाफराबाद आणि तेलियागड हे जोडकिल्ले आहेत. ते एका दिवसात होत नाहीत, त्यांच्या नादी लागू नका.

जायचे कधी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मे मध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा ही चढण नकोच. माणशी किमान तीन लिटर पाणी घ्या. जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून नकाशा अकोटलाच डाउनलोड करून ठेवावा आणि घरी फोनही तिथूनच करावा.

दुसऱ्या वेळी आम्ही उलटा क्रम लावला. पहाटे जुन्या शहरातून निघालो, दगडी पूल ओलांडला, गांधीग्रामला पूर्णा पार केली आणि आधी नरनाळा बघून मगच चिखलदऱ्याला गेलो. त्या दिवशी नाक्यावर आमची गाडी पहिली होती.