वन्यप्राणी, परजीवी आणि माणूस : एका दुर्लक्षित नात्याविषयी



प्रतिवर्षीप्रमाणे याही अहवालात, जमाखर्चाची पत्रके सादर करण्यापूर्वी, एका आरोग्यविषयाची ओळख करून देत आहोत. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकशास्त्र हे आमचे क्षेत्र नव्हे. तथापि रुग्णालयाच्या कारभारात इतकी वर्षे काढल्यावर जे पाहिले, ऐकले व आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतले, ते साध्या शब्दांत सांगण्याचा हा प्रयत्न आहे. यंदाचा विषय आहे, वन्यप्राण्यांच्या शरीरात वास करणारे आणि प्रसंगी माणसाला बाधणारे परजीवी. आमच्या रुग्णालयात येणारे बहुसंख्य रुग्ण जंगलालगतच्या गावांतील असल्याने हा विषय आम्हांस परका नाही.

‘साठा’ म्हणजे काय?

काही रोगजंतू केवळ माणसातच राहतात. माणसाकडून माणसाकडे जाणारी त्यांची साखळी तोडली की रोग संपतो. देवीचा रोग असाच संपला. परंतु काही रोगजंतूंचे मूळ घर प्राण्यांच्या शरीरात असते. तेथे ते पिढ्यान्‌पिढ्या नांदतात आणि त्या प्राण्याला बहुधा फारसा त्रासही होत नाही. अशा प्राण्यास वैद्यकशास्त्रात त्या रोगाचा ‘साठा’ म्हणतात. आमच्या हिशेबी भाषेत सांगायचे तर ही एक मुदत नसलेली ठेव होय. गावातील शेवटचा रुग्ण बरा झाला तरी ही ठेव तशीच शिल्लक राहते आणि एखादी माशी, गोचीड वा डास तिच्यातून केव्हाही उचल करतो. म्हणूनच असे रोग केवळ माणसांना औषधे देऊन समूळ नष्ट होत नाहीत.

आफ्रिकेतील निद्रारोग

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण आफ्रिकेतील निद्रारोगाचे आहे. ट्रिपॅनोसोम नावाचा, सर्पाकृती वळवळणारा एकपेशीय परजीवी हे त्याचे कारण. त्से-त्से नावाच्या रक्तशोषक माशीच्या दंशातून तो शरीरात शिरतो. आरंभी ताप, डोकेदुखी, सांधेदुखी होते. पुढे परजीवी मेंदूपर्यंत पोहोचला की रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, भ्रमिष्टासारखा वागतो आणि उपचार न झाल्यास दगावतो. विसाव्या शतकाच्या आरंभी युगांडात या रोगाने दोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

या रोगाचे दोन प्रकार आहेत. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील प्रकार मुख्यतः माणसांमध्येच राहतो व संथ गतीने वाढतो. पूर्व व दक्षिण आफ्रिकाखंडातील प्रकार मात्र मूलतः प्राण्यांचा आहे. त्याची गती इतकी तीव्र असते की काही आठवड्यांत वा महिन्यांत रुग्ण गमावण्याचा प्रसंग येतो.

प्राण्यांशी असलेल्या या संबंधाचा पहिला धागा १८९५ साली झुलुलँडमध्ये सापडला. डेव्हिड ब्रूस हे ब्रिटिश लष्करी डॉक्टर तेथील गुरांच्या ‘नगाना’ या रोगाचा शोध घेत होते. गुरे खंगून मरत होती. मात्र रानातील हरणे व रानरेडे धडधाकट होते. ब्रूस यांनी वन्य जनावरांचे रक्त तपासले, तेव्हा तेच परजीवी त्यांच्याही रक्तात असल्याचे दिसून आले. जे गुरांना मारक होते, तेच रानातील जनावरांनी पचविले होते.

पुढे १९५८ साली केनियात ‘बुशबक’ या हरणापासून मिळविलेले परजीवी एका मानवी स्वयंसेवकास टोचण्यात आले व त्यास निद्रारोग झाला. असा प्रयोग आज कोणी करू धजणार नाही. परंतु माणसाला होणाऱ्या रोगाचा साठा हरणात असतो, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले. बुशबक हे तांबूस रंगाचे, अंगावर पांढरे ठिपके व पट्टे असलेले, झाडोऱ्यात वावरणारे हरीण. पाहणाऱ्यास आपल्याकडील चितळाची आठवण व्हावी असे. झांबियातील लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात, टांझानियातील सेरेंगेटीच्या परिसरात आजही वन्यप्राण्यांत हा परजीवी आढळतो. २००१ साली सेरेंगेटीची सहल करून परतलेल्या अनेक युरोपीय पर्यटकांना हा रोग झाला, तेव्हा तिकडील मोठमोठ्या रुग्णालयांतील डॉक्टरांनाही तो ओळखण्यासाठी ग्रंथ उघडावे लागले.

दोष कोणाचा?

साठा वन्यप्राण्यांत आहे असे कळताच माणसाने काय केले, हेही सांगितले पाहिजे. झिंबाब्वे (तत्कालीन दक्षिण ऱ्होडेशिया) आणि अन्य वसाहतींत त्से-त्से माशीचे भक्ष्यच नाहीसे करावे, म्हणून काही दशके बंदुका चालल्या व लक्षावधी वन्यप्राणी मारले गेले. एवढ्या संहारानंतरही रोग संपला नाही. माशी उरलेल्या लहान जनावरांवर जगली आणि मोहीम थांबताच पूर्वपदावर आली.

याउलट १९९८ साली युगांडातील सोरोटी भागात, जेथे पूर्वी हा रोग नव्हता, तेथे त्याची साथ उद्भवली. तपासाअंती असे आढळले की, बाधित प्रदेशातून विक्रीस आणलेली गुरे हेच तिचे कारण होते. म्हणजे रानातील ठेव गुरांच्या बाजारामार्फत माणसाने स्वतःच आपल्या दारी आणली होती. तेथे २००६ पासून गुरांना औषध टोचण्याची व त्यांच्या अंगावर माशीनाशक फवारण्याची मोठी मोहीम राबविण्यात आली. हरणे मारण्यापेक्षा गाईची काळजी घेणे स्वस्त आणि अधिक गुणकारी, हा धडा आम्हांस फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडील ‘सर्रा’

वाचक म्हणतील, आफ्रिकेतील माशी आपल्याकडे नाही, मग चिंता कशाची? माशी नाही हे खरे. परंतु तिच्या परजीवीचा सख्खा भाऊ आपल्याकडे आहे. १८८० साली तत्कालीन पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यांनी घोडे व उंट यांच्या ‘सर्रा’ रोगात हा परजीवी शोधून काढला. प्राण्यांत रोग निर्माण करणारा ट्रिपॅनोसोम प्रथम सापडला तो येथेच. त्यास ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी’ हे नाव मिळाले.

हा परजीवी त्से-त्से माशीवर अवलंबून नाही. जनावरांना कडकडून चावणाऱ्या मोठ्या रक्तशोषक माश्या एका जनावराचे रक्त तोंडाला लागलेले असतानाच दुसऱ्यास चावतात, तेवढ्यावर त्याचे भागते. पावसाळ्यात व त्यानंतर या माश्या वाढतात आणि सर्राही वाढतो. घोडे, उंट व कुत्री यांस तो बहुधा घातक ठरतो; गाई-म्हशी मात्र पुष्कळदा वरकरणी निरोगी दिसत असतानाही तो बाळगून असतात. वन्यप्राणीही यातून सुटलेले नाहीत. २००० साली भुवनेश्वरच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात अल्पावधीत दहाहून अधिक वाघ दगावले, ते याच वर्गातील परजीवीमुळे.

माणसाला मात्र हा रोग होत नाही, अशी शतकभराची समजूत होती. तिला आधारही होता. मानवी रक्तात एक विशिष्ट प्रथिन असते. ते या परजीवीला फोडून टाकते. ‘एपीओएल-१’ या प्रथिनाचे हे कार्य २००३ साली बेल्जियममधील संशोधकांनी उलगडले. पूर्व आफ्रिकेतील परजीवीने या प्रथिनावर मात करण्याची युक्ती साधली आहे, म्हणून तो माणसाला बाधतो. सर्राच्या परजीवीला ती साधलेली नाही.

आणि तरीही २००४ साली आपल्याच महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात हा परजीवी आढळला. सर्राच्या परजीवीची माणसाला झालेली ही जगातील पहिली निश्चित नोंद होय. ताप येत होता, जात होता, पुन्हा येत होता. रक्ताच्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारा परजीवी दिसला आणि उलगडा झाला. उपचारासाठी लागणारे सुरामिन हे १९१६ पासूनचे जुने औषध. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मिळविण्यात आले व रुग्ण बरा झाला. त्याच्या रक्तात ते संरक्षक प्रथिनच जन्मतः नव्हते, असे पुढील तपासणीत दिसून आले. २००६ साली त्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले.

मग त्याच्या गावकऱ्यांचे काय? तेथील १८०६ जणांच्या तपासणीत ४१० जणांच्या रक्तात या परजीवीशी संपर्क आल्याच्या खुणा मिळाल्या. परंतु एकाच्याही रक्तात प्रत्यक्ष परजीवी सापडला नाही. याचा अर्थ असा की, जनावरांत वावरणाऱ्यांच्या शरीरावर हा परजीवी वारंवार थाप मारतो, पण दार बहुधा बंदच राहते. ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा. व्हिएतनाममध्ये एका स्त्रीस हा रोग झाल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. तिच्या रक्तात संरक्षक प्रथिन व्यवस्थित होते.

आम्ही काय शिकलो

या माहितीचा आमच्यासारख्या लहान रुग्णालयास उपयोग काय, असा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीतही निघाला होता. त्याचे उत्तर आमच्याच एका चुकीत आहे. काही वर्षांपूर्वी एक गुराखी तापाने आमच्याकडे आला. हिवतापाची तपासणी दोनदा निर्दोष आली आणि दोन्ही वेळा आम्ही त्यास गोळ्या देऊन परत पाठविले. तिसऱ्या खेपेस तो आला तो खाटेवरून. त्या दिवशी एका तरुण डॉक्टरांनी त्यास प्रथमच विचारले, “बाबा, तुम्ही दिवसभर असता कुठे?” तो रानात गवत कापीत असे. मग अंगरखा काढून पाहिले, तेव्हा काखेत काळी खपली दिसली. तो स्क्रब टायफस होता. हा रोग परजीवीमुळे नव्हे, जिवाणूमुळे होतो. परंतु त्याचाही संबंध रानातील उंदीर व त्यांच्या अंगावरील सूक्ष्म किड्यांशी आहे. औषध काही रुपयांचे होते. गुराखी बरा झाला. पहिल्याच दिवशी तो प्रश्न विचारला असता, तर त्याचे पंधरा दिवस आणि आमची लाज, दोन्ही वाचले असते.

तेव्हापासून आमच्या केसपेपरवर तीन ओळी वाढविल्या आहेत : घरी जनावरे आहेत काय? त्यांपैकी कोणी अलीकडे आजारी वा मृत आहे काय? रानात जाणे होते काय? या तीन ओळींच्या छपाईचा खर्च हिशेबात वेगळा दाखवावा एवढाही नाही. जुन्या तापाच्या रुग्णाची काचपट्टी केवळ हिवतापापुरती न पाहता पूर्ण पाहावी, अशी सूचना प्रयोगशाळेस दिली आहे. यासाठी महागडे यंत्र लागत नाही; चांगला सूक्ष्मदर्शक आणि घाई नसलेला तंत्रज्ञ लागतो.

आमच्या वाचकांना नम्र विनंती एवढीच. आजारी जनावराची शुश्रूषा करताना, वार काढताना वा मांस कापताना हातावर जखम असल्यास ती झाकावी, नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. सर्राची शंका येताच पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. जनावरांसाठी त्यावर उपचार आहेत. मेलेल्या वन्यप्राण्यास हात लावू नये, वनखात्यास कळवावे. ताप आठवडाभर हटला नाही, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपले काम व आपली जनावरे यांची माहिती आपणहून सांगावी. वन्यप्राण्यांविषयी मनात वैर मात्र धरू नये. ते आपल्या जागी आहेत. आपणच त्यांच्या अधिकाधिक जवळ गेलो आहोत.

सर्राचा पुढचा रुग्ण आमच्या दारी कदाचित कधीच येणार नाही. पण आलाच, तर तो दोनदा परत जाऊ नये, एवढी तयारी आपण देत असलेल्या देणग्यांतून व्हावी, ही आमची इच्छा.