शस्त्रक्रियेनंतरचा चेहरा

वयोमानानें सैल झालेली चेहऱ्याची त्वचा ताणून बसविण्याच्या शस्त्रक्रियेस फेसलिफ्ट म्हणतात. ती करवून घ्यावी कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें. मला बोलावयाचें आहे तें नंतरच्या दिवसांविषयीं. कारण माणसें आरसा पाहून घाबरतात तीं याच दिवसांत.

उचललेली त्वचा जगते ती रक्तावर. इंग्रजांच्या फौजेंत बैल हांकणारा कावसजी नांवाचा मराठा १७९२ च्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक कापलें गेलें. पुढें पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या कारागिरानें कपाळाच्या त्वचेचें नवें नाक त्यास बसविलें. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'नें ऑक्टोबर १७९४ मध्यें ही हकीकत छापली. रक्त खेळतें राहावें म्हणून भुवयांमध्यें त्वचेची एक पट्टी जोडलेलीच ठेवीत व सुमारें पंचविसाव्या दिवशीं ती कापीत. रोग्यास पांचसहा दिवस उताणें निजवीत. कावसजीचें चित्र काढलें गेलें तें मात्र दहा महिन्यांनीं!

फेसलिफ्ट निराळी, पण नियम तोच. कानाच्या मागेंपुढें छेद घेऊन त्वचा सोडविलेली असते; तिचा रक्तपुरवठा कांहीं काळ नाजुक राहतो. म्हणून विडी, तपकीर, मिश्री हीं कित्येक आठवडे आधींपासून बंद हवींत. तंबाखूनें बारीक रक्तवाहिन्या आकसतात व त्वचा मरूं शकते.

सूज व काळेनिळेपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं सर्वांत अधिक दिसतो, आणि बहुतेक दोन आठवड्यांत ओसरतो. डोकें उशांवर उंच ठेवून उताणें निजावें. टाके सुमारें पांच ते दहा दिवसांत काढतात. कानाजवळची बधिरता महिनेहि टिकते. त्या जागीं शेक देऊं नये, भाजलेलें कळत नाहीं. आमच्या जोगेश्वरीच्या चाळींत समाचाराला येणारा प्रत्येकजण एक लेप सुचवितो. त्यास चहा पाजावा, लेप लावूं नये.

एक गोष्ट मात्र वाट पाहण्याजोगी नाहीं. विशेषतः पहिल्या चोवीस तासांत एकाच गालावर सूज ताठ होऊन झपाट्यानें वाढूं लागली व वेदना वाढली, तर त्वचेखालीं रक्त सांठत असण्याचा संभव असतो. मग रात्र असो कीं पहांट, शस्त्रवैद्यास तत्काळ कळवावें. रक्तदाब असलेल्यांस हा धोका अधिक. रक्त पातळ करणारीं औषधें आपल्या मनानें घेऊंहि नयेत, सोडूंहि नयेत.

व्रण फिके पडण्यास कित्येक महिने, कधीं वर्षहि लागतें. तोंवर त्यांस ऊन लागूं देऊं नये.