सूक्ष्मचित्रणाची तिपाई

हौस ही मोठी उदार असते, परंतु तिची उदारता पुष्कळदां भलत्याच ठिकाणीं खर्च होते. घरांतील एखाद्या मुलास किंवा सुनेस छायाचित्रणाचा नाद लागला कीं कॅमेऱ्यासाठीं पैसे जमतात, चांगल्या भिंगासाठींही जमतात. आणि हें सर्व ज्यावर उभें राहावयाचें त्या तिपाईसाठीं मात्र उरलेसुरले पैसे बाजूस निघतात. डोंगर, देऊळ किंवा घरचा समारंभ टिपावयाचा असेल तर ही काटकसर खपून जाते. परंतु मुंगीचें मस्तक, चतुराचे पंख किंवा तेरड्याच्या पाकळीवरील दंवाचा थेंब टिपूं पाहणाऱ्यास ती मुळींच खपत नाहीं.

विरारच्या पूर्वेस फुलपाडा आहे. तेथें पापडखिंडीचें धरण, शेजारीं जीवदानीचा डोंगर, आणि जवळच्याच डोंगररांगेंत २००३ सालीं घोषित झालेलें तुंगारेश्वरचें अभयारण्य. पावसाळा ओसरतांना अशा ठिकाणच्या गवतांत सुरवंट, कोळी, चतुर आणि पाकोळ्या यांची वर्दळ असते. इमारतींनीं वेढल्या जाणाऱ्या या पट्ट्यांत सूक्ष्मचित्रणाची हौस असणाऱ्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. आणि आज टिपलेलें चित्र उद्यां त्या जागेची एकमेव आठवण ठरण्याचाही संभव आहे. म्हणूनच तें चित्र स्पष्ट येणें अगत्याचें.

अडचण कोठें येते तें थोडें हिशेबानें पाहूं. भिंगाच्या साहाय्यानें एक सेंटिमीटरचा कीटक कॅमेऱ्याच्या आंतील पटलावरही एक सेंटिमीटरचाच उमटला, म्हणजे त्यास एकास एक प्रमाण म्हणतात. या प्रमाणांत भिंगाचें छिद्र एफ ८ वर ठेवलें, तर ज्या खोलीपर्यंत वस्तु स्पष्ट दिसते ती खोली अवघी मिलिमीटरभर असते. छिद्र लहान करावें तर प्रकाश कमी पडतो. शिवाय भिंग पुढें सरकल्यामुळें एरवींच्या चौथाईइतकाच प्रकाश पटलावर पोंचतो. सावलींत मग पाव किंवा अर्धा सेकंद पडदा उघडा ठेवणें भाग पडतें. तेवढ्या वेळांत कॅमेरा मिलिमीटरचा दहावा हिस्सा जरी बाजूस सरकला, तरी चोवीस मेगापिक्सेलच्या मोठ्या पटलावर चित्र सुमारें सोळा टिंबें घसरतें. इतकी स्थिरता कोणाच्याही हातांत नाहीं.

स्थिर आसनाचें महत्त्व महाराष्ट्रास नवें नाहीं. १९१२ सालीं दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन परतले तेव्हां चित्रपटासाठीं भांडवल देण्यास कोणी सहजासहजीं तयार नव्हतें. त्यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला, त्याचीं महिनाभर रोज चित्रें घेतलीं आणि अंकुराची वाढ पडद्यावर दाखविली. त्या इवल्याशा पटानें भांडवलदाराची खात्री पटली, आणि ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. रोपट्यासमोरील कॅमेरा दररोज थोडाथोडा सरकला असता, तर अंकुर वाढतांना दिसण्याऐवजीं नाचतांना दिसला असता! आजचे छायाचित्रकार एकाच कीटकाचीं दहावीस चित्रें, दर वेळीं फोकस किंचित् पुढें नेऊन घेतात आणि तीं संगणकावर जोडतात. त्यांसही हाच नियम लागू आहे.

आतां निवड कशी करावी? प्रथम पाय पाहावे. तीन नळ्यांचा पाय चार-पांच नळ्यांच्या पायापेक्षां सामान्यतः घट्ट असतो. कारण सांधे जितके अधिक आणि शेवटची नळी जितकी बारीक, तितका कंप अधिक. पाय तिरपे पसरून तिपाई जवळजवळ जमिनीस टेकली पाहिजे, कारण आपली वस्तु बहुधा गुडघ्याखालींच असते. मधला दांडा वर ओढून उंची साधणें म्हणजे तिपाईवर एकपायी खांब उभा करणें होय. तो आडवा होणारा, काढतां येणारा किंवा मुळींच नसलेला उत्तम.

दुसरें, डोकें. गोल चेंडूचें डोकें चटकन् फिरतें खरें. परंतु हलकें असेल तर पेंच आवळल्यावरही कॅमेरा केसभर खालीं उतरतो, आणि येथें केसभर म्हणजे पुष्कळ झालें. दांतेरी चक्रांचें डोकें महाग आणि जड असतें, पण सावकाश व नेमकें सरकतें. तें परवडत नसेल तर बळकट चेंडूच्या डोक्यावर कॅमेरा मागेंपुढें सरकविणारी पट्टी बसवावी.

तिसरें, भारक्षमता. कॅमेरा व भिंग मिळून दीड किलो भरत असेल, तर निदान साडेचार किलो पेलणारी तिपाई घ्यावी. कार्बन तंतूची तिपाई हलकी असून कंप लवकर जिरविते. ॲल्युमिनियमची स्वस्त व टिकाऊ. डोंगर चढावयाचा नसेल तर ॲल्युमिनियमचें वजन ही अडचण नसून सोयच होय.

मुंबईच्या बोरा बाजारांत किंवा अन्यत्र खरेदीस जाल तेव्हां स्वतःचा कॅमेरा बरोबर न्यावा. तो तिपाईवर चढवून पडद्यावरील प्रतिमा मोठी करावी, पायावर टिचकी मारावी आणि प्रतिमा किती वेळांत स्थिरावते तें पाहावें. दुकानदाराच्या वर्णनापेक्षां ही टिचकी अधिक खरें बोलते.

तिपाई उत्तम असली तरी वाऱ्यानें डोलणारें पातें ती थांबवूं शकत नाहीं. त्यास सूर्योदयाची शांत वेळच गांठावी. बटण बोटानें न दाबतां दोन सेकंदांची मुदत लावावी. कीटक हलूं नये म्हणून त्यास गारठविणें किंवा फांदी तोडून सोयीच्या जागीं आणणें हें मात्र सुशिक्षितास शोभत नाहीं. घरीं परतल्यावर पायांचा चिखल पुसून नळ्या वाळवाव्या. किनाऱ्याकडील दमट हवेंत सांधे लवकर गंजतात.

कॅमेरा कांहीं वर्षांत जुना होतो. चांगली तिपाई वीस-पंचवीस वर्षें सहज पुरते, आणि ती एकट्याची राहत नाहीं. तिच्यावर आजोबांच्या पोथ्यांचीं पानें उतरवितां येतात, वंशावळीचा जीर्ण कागद टिपतां येतो, आणि दिवाळीस सारें कुटुंब एका चित्रांत बसवितां येतें; चित्र घेणाराही त्यांतून वगळला जात नाहीं! तेव्हां घरांतील हौशी माणसानें नव्या भिंगासाठीं पैसे मागितले, तर वडील मंडळींनीं एकच प्रश्न विचारावा : तें उभें कशावर राहणार?