मेंदू आवडतो, पण ओपीडी कोणती?

एमबीबीएस आणि इंटर्नशिप मिळून साडेपाच वर्षे होतात, ‘नीट-पीजी’चा निकाल हातात पडतो आणि ऑनलाइन पसंतीक्रम भरायला मोजकेच दिवस मिळतात. घरचे विचारतात, ‘‘स्कोप कशात जास्त?’’ काही विद्यार्थ्यांचा पेच मात्र वेगळाच असतो. संशोधनासाठी एक शाखा खुणावते आणि रुग्ण तपासताना मन दुसऱ्याच शाखेत रमते.

मेंदूचेच उदाहरण पाहा. स्मृती कशी तयार होते, कशी पुसली जाते, याचे कुतूहल असलेला विद्यार्थी साहजिकच न्यूरॉलॉजीकडे ओढला जातो. तिथला बिघाड अनेकदा एमआरआयमध्ये दिसतो, मोजता येतो. पण इंटर्नशिपमध्ये त्याला समाधान मिळते ते मनोविकारांच्या ओपीडीत, रुग्णाचे म्हणणे ऐकून घेण्यात. पक्षाघाताच्या रुग्णासाठी रात्री दोन वाजता धावणे त्याला जमते, आवडत नाही.

दोन्ही वाटांची लांबीही सारखी नाही. मानसोपचारात तीन वर्षांत एमडी होते. न्यूरॉलॉजीसाठी सहसा आधी मेडिसिन किंवा बालरोगात एमडी आणि त्यानंतर तीन वर्षांचे डीएम करावे लागते. घेतलेली जागा मध्येच सोडली, तर वर्ष वाया जाते आणि अनेक राज्यांत मोठा दंडही भरावा लागतो.

हा पेच नवा नाही. एरिक कँडेल वैद्यकीय शिक्षणाकडे वळले ते मनोविश्लेषक होण्यासाठी. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अमेरिकेत मानसोपचाराचे निवासी प्रशिक्षणही पूर्ण केले. पण स्मृती साठते कशी, हा प्रश्न त्यांना सोडवत नव्हता. मनोविश्लेषणाचा बेत बाजूला ठेवून त्यांनी अॅप्लिझिया या सागरी गोगलगाईच्या मोठमोठ्या चेतापेशींवर काम केले आणि 2000 मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. पदवी मानसोपचाराची आणि शोध चेतापेशींमधला! शाखेने त्यांचा प्रश्न अडवला नाही. पण त्यासाठी त्यांनी रुग्णांसोबतचे आयुष्य सोडले.

प्रत्येक संशोधनासाठी मात्र रुग्ण सोडावा लागत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया यांनी 1971 मध्ये तोल जाण्याच्या एका आनुवंशिक विकाराचे वर्णन सहकाऱ्यासह प्रसिद्ध केले. या रुग्णांच्या डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद होती, हे त्यातले कळीचे निरीक्षण होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्यासमोर तर विंचूदंशाचे रुग्ण येत होते. विषामुळे हृदयावर काय परिणाम होतो, ते त्यांनी खाटेशेजारी बसून टिपले, प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले आणि निष्कर्ष ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकांतून मांडले. या दोघांनाही प्रश्न सापडला तो समोरच्या रुग्णातच.

म्हणून पसंतीक्रम भरण्यापूर्वी पहिला विचार करायचा तो आपल्या प्रश्नाचा. त्याचे उत्तर कुठे मिळेल? प्रयोगशाळेत, रुग्णांच्या नोंदींत की खाटेशेजारी? रेणू आणि पेशींवरचे काम सहकाऱ्यांच्या मदतीने दुसऱ्या शाखेत राहूनही करता येते. स्मृतिभ्रंशावर मानसोपचारतज्ज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघेही संशोधन करतात. पण विशिष्ट शस्त्रक्रिया किंवा विशिष्ट तपासणीवरच संशोधन करायचे असेल, तर त्या शाखेला पर्याय नाही.

दुसरा विचार रोजच्या कामाचा. प्रबंध एकदा लिहून होतो, ओपीडी मात्र पुढची तीस वर्षे भरते. त्या शाखेतल्या कनिष्ठ निवासी डॉक्टरसोबत एक पूर्ण ड्यूटी काढली, तर नामवंत प्राध्यापकाच्या व्याख्यानात कळत नाही ते कळते. मार्गदर्शक संशोधनाला वेळ देतात का, आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध पुढे प्रसिद्ध झाले का, याचीही चौकशी तिथेच करता येते.

गुणवत्ता यादीतला क्रमांक पुष्कळ काही ठरवतो, हे खरे. तरीही निवडीला वाव असेल, तर संशोधनाचा प्रश्न दुसऱ्या शाखेत सोबत नेता येतो का, हे आधी पाहावे. नेता येत असेल, तर ज्या रुग्णांमध्ये मन रमते, तीच शाखा पहिल्या क्रमांकावर लिहिणे शहाणपणाचे. थकलेल्या, कंटाळलेल्या डॉक्टरला समोरच्या रुग्णातले वेगळेपण सहसा दिसत नाही, आणि मग संशोधनही तिथेच थांबते.