न उगवलेला सूर्य

सातव्या शतकातले ज्योतिर्विद पहिले भास्कराचार्य यांनी ‘महाभास्करीय’त विषुववृत्तावर मानलेल्या लंकेपासून उत्तर ध्रुवावरच्या मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरची ठिकाणं सांगितली आहेत. अवंती म्हणजे उज्जैनसोबत त्यांत वात्स्यगुल्मही आहे. तेच आपलं वाशिम, वाकाटक राजवंशाच्या एका शाखेची राजधानी. गावातलं मध्यमेश्वर मंदिर ही आठवण आजही सांगतं. उज्जैन ७५.८ आणि वाशिम ७७.१ अंश पूर्व रेखांशावर आहे. एवढ्या फरकानं त्या गणिताचं मोल उणं होत नाही. या रेषेवरच्या वेळेशी ताडून इतर गावांचं देशांतर, म्हणजे रेषेपासूनचं पूर्व-पश्चिम अंतर, काढलं जाई.

पण वेळ सूर्यावरून मोजायची, तर तो उगवला असं नेमकं कधी म्हणायचं? तूर-हरभरा निघून रान मोकळं झालं की वाशिमच्या शिवारात पूर्वेचं क्षितिज स्वच्छ दिसतं. तिथे लालबुंद बिंब नुकतंच पूर्ण वर आलेलं असतं, तेव्हा खरा सूर्य अख्खाच्या अख्खा क्षितिजाखाली असतो. वरच्या विरळ हवेतून खालच्या दाट हवेत शिरताना किरण जमिनीकडे वळतात. या अपवर्तनामुळे क्षितिजावरचं बिंब सुमारे ३४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) उचललेलं दिसतं आणि बिंबाची रुंदी आहे ३२ कला. म्हणून आपल्या अक्षांशावर सूर्य दोनेक मिनिटं लवकर उगवतो आणि तितकाच उशिरा मावळतो. बिंबाची खालची कड वरच्यापेक्षा जास्त उचलली जाते, त्यामुळे ते चपटंही दिसतं.

मे महिन्यात वाशिम-हिंगोली रस्त्यावर हाच खेळ उलटा होतो. डांबरालगतची हवा तापून विरळ होते, आभाळाचे किरण वर वळून डोळ्यांत येतात आणि पुढे पाणी साचल्यासारखं वाटतं. ते खाली उतरलेलं आभाळच असतं. उकिडवं बसून पाहिलं तर मृगजळ जवळ येतं, उभं राहिलं की मागे सरतं.

प्रकाश वळण्याचाच आणखी एक खेळ म्हणजे खळं, चंद्राभोवतीचं मोठं कडं. चंद्राला खळं पडलं की पाऊस, असं जुनी माणसं सांगतात. हे खळं सहा-सात किलोमीटर उंचीवरच्या पातळ ढगांतले षट्कोनी हिमस्फटिक घडवतात. स्फटिकाच्या एका बाजूनं शिरून एक बाजू सोडून पलीकडच्या बाजूनं निघताना प्रकाश किमान २२ अंश वळतो, त्याहून कमी वळूच शकत नाही. म्हणून कड्याच्या आतलं आभाळ काळसर, आतली कड तांबूस आणि बाहेरची बाजू पांढुरकी होत जाते. हात लांब करून बोटं ताणली, अंगठा चंद्रावर धरला, तर करंगळीचं टोक साधारण खळ्यापाशी येतं. चंद्राला चिकटलेलं लहानसं रंगीत वलय मात्र वेगळं; ते पाण्याच्या थेंबांचं काम.

मोठ्या पावसाळी ढगांचे माथे पसरून असा पातळ थर पुढे येतो, म्हणून जुन्या माणसांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण हिवाळ्यात असे ढग पावसाविनाही येतात, तेव्हा खळ्याला पावसाची हमी मानू नये.

असे खेळ टिपून ठेवले तरच ते पुढे कळतात. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स यांनी हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून धुक्यात गोल इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र, आणि त्याच्या मधोमध स्वतःची सावली पाहिली. १८३५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ते वर्णन छापलं गेलं, म्हणून आज आपण त्या इंद्रवज्राबद्दल बोलू शकतो. आपल्याकडच्या खळ्यांचीही अशी टिपणं व्हायला हवीत. येत्या वर्षी खळं दिसलं की तारीख, वेळ आणि पुढच्या दोन दिवसांत पडलेला पाऊस वहीत लिहून ठेवा. सूर्याचं खळं पाहताना मात्र बिंब भिंतीआड किंवा झाडाआड ठेवा. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नका.