पोट घासतं ते कशामुळे?

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. त्या गुळगुळीत रस्त्यावर सेडानच्या पोटाची आठवणही येत नाही. महामार्ग सोडून गावात शिरलं, की पहिल्याच गतिरोधकावर खालून ‘खर्रर्र’ ऐकू येतं.

ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे रस्ता आणि गाडीचा सर्वांत खालचा भाग यांतलं अंतर. होंडा सिटीचं ते १६५ मिलिमीटर, स्कोडा स्लाव्हियाचं १७९. पण कंपनी सांगते तो आकडा सहसा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं बसली, डिकीत बॅगा आणि परतीच्या वाटेवर लाडूंची पाकिटं आली, की स्प्रिंगा दबतात आणि मागची बाजू आधी खाली बसते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, पण ३.७ मीटर रुंद. सिटीच्या दोन चाकांमधलं अंतर २.६ मीटर. म्हणजे गाडी मधोमध आली, की चारही चाकं उंचवट्यावरच असतात आणि पोटाखाली त्याचा फुगवटा जेमतेम ५ सेंटिमीटर येतो. गल्लीत रातोरात उगवलेला अरुंद गतिरोधक मात्र पुरे १० सेंटिमीटर खातो. त्यात ब्रेक दाबलेलाच राहिला तर नाक आणखी झुकतं. म्हणून ब्रेक आधीच मारा, चढताना सोडा. थोडं तिरकं घेतलं तर आणखी बरं. आणि हो, मागच्या मंडळींना क्षणभर उतरवायला लाजू नका.