न्यायाधीशाचे हात बांधू नका
पॉक्सो कायदा जातपात पाहत नाही, हे खरे. परंतु दादरा-नगर हवेलीत २०११ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासींची. खर्चाअभावी कित्येक वारली जोडपी आधी संसार थाटतात, लग्न मागाहून लावतात. मुलगी सतराची असली, तर सिल्वासाच्या न्यायाधीशाला २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे तरुणास किमान दहा वर्षे कारावास द्यावाच लागतो. सोळाच्या आतली असल्यास वीस! बालिकांना संरक्षण हवेच, त्याविषयी आमचा वाद नाही. अमेरिकेत १९८६ साली पाच ग्रॅम क्रॅकला पाचशे ग्रॅम कोकेन-भुकटीइतकीच किमान शिक्षा ठरली. तिचा मारा मुख्यतः कृष्णवर्णीयांवर झाला आणि २०१० मध्ये ती तफावत घटवावी लागली. आपल्याकडे बलात्काराच्या कलमात १९८३ पासून विशेष कारणे नोंदवून शिक्षा कमी करण्याची मुभा होती. २०१३ साली ती गेली. राजीखुशीने एकत्र आलेल्या तरुण जोडप्यांपुरती तरी ती संसदेने पॉक्सोत द्यावी, अशी आमची मागणी आहे.